मूळ कागदांतून अमेरिकन गुलामगिरी : मेरीलँडमधल्या मराठी वर्गाच्या नोंदी

३१ ऑगस्ट, तयारी

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मोठ्यांचा वर्ग माझ्याकडे आहे. चौदा ते सतरा वर्षांची मुलं. मराठी बोलतात बरं, देवनागरी अडखळत वाचतात. यंदा गोष्टी-निबंध बाजूला ठेवून तीन महिने एकच विषय धरायचा आणि त्यावर मराठीत बोलायचं-लिहायचं, असं ठरवलं. विषय अमेरिकेतल्या गुलामगिरीचा, आणि तोही पाठ्यपुस्तकातून न शिकवता मूळ कागदांतून. ही मुलं मेरीलँडमध्ये वाढली आहेत. इथल्या कित्येक वसाहती तंबाखूच्या जुन्या मळ्यांवर उभ्या आहेत, आणि शाळेत मात्र गुलामगिरी म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर फक्त दूर दक्षिणेतला कापूस येतो. म्हणून होता होईल तो कागद मेरीलँडचेच घ्यायचे. असा वर्ग दुसरं कोणी घेणार असेल तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतेय.

कागद लायब्ररी ऑफ काँग्रेस, राष्ट्रीय अभिलेखागार आणि मेरीलँडचं राज्य अभिलेखागार यांच्याकडे स्कॅन केलेले, फुकट मिळतात. अडचण निवडीची आहे. पहिल्या यादीत इतके कागद झाले की वर्षभर पुरले असते. निम्म्याहून जास्त काढून टाकले. एका रविवारी एकच कागद, आणि प्रत्येक कागदाला तेच प्रश्न: कोणी लिहिला, कोणासाठी, कशासाठी, आणि त्यात कोणाचं म्हणणं नाही?

१८६३ सालचा, पाठीवर चाबकाच्या वळांचं जाळं दाखवणारा तो प्रसिद्ध फोटो सुरुवातीला दाखवायचा नाही, हेही ठरवलं. पहिल्याच दिवशी तो पाहिला की मुलांना जखम दिसते, माणूस दिसत नाही.

आकडे एवढेच देणार: १८६०च्या जनगणनेत देशभर ३९,५३,७६० माणसं गुलामीत होती. मेरीलँडमध्ये गुलामीत ८७,१८९ आणि मुक्त कृष्णवर्णीय ८३,९४२. दुसरी ओळ महत्त्वाची. एकाच गावात, कधी एकाच घरात, नवरा मुक्त आणि बायको दुसऱ्याच्या मालकीची, असं हे राज्य होतं.

७ सप्टेंबर

गणपती कालच गेले, तरी वर्ग भरलेला. पहिला कागद: ३ ऑक्टोबर १८४९ ची वर्तमानपत्रातली जाहिरात. डॉर्चेस्टर काउंटीत बकटाउनजवळ राहणाऱ्या एलायझा ब्रोडेस या विधवेने दिलेली. हॅरी, बेन आणि मिंटी असे तिघे पळाले आहेत. हॅरी १९ वर्षांचा, कानाखाली मानेवर गाठ. बेन २५ चा, काही विचारलं की चटकन उत्तर देणारा. मिंटी २७ ची, दिसायला छान, उंची सुमारे ५ फूट. राज्यात पकडलं तर प्रत्येकी ५० डॉलर, राज्याबाहेर पकडलं तर १००. पकडून बाल्टिमोर, ईस्टन किंवा केंब्रिजच्या तुरुंगात ठेवावं.

मिंटी म्हणजे पुढची हॅरिएट टबमन, स्वतः निसटून मग इतरांनाही गुलामीतून सोडवून नेणारी. हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि पुढेही सांगणार नाही. नाव कळलं की मुलं तिच्याबद्दल आधी पाठ केलेलं बोलायला लागतात आणि कागद वाचायचं थांबतात.

पहिला अर्धा तास फुकट गेला. ‘या जाहिरातीतून काय काय कळतं?’ असा प्रश्न दिला होता. त्याचा गुप्तहेरांचा खेळ झाला आणि एक गट तर पळालेल्यांना शोधायलाच निघाला. म्हणजे मुलं नकळत एलायझा ब्रोडेसच्या बाजूला जाऊन बसली. प्रश्न बदलला: ‘ही माहिती या बाईला कशी होती, आणि कोणती माहिती तिला द्यावीशी वाटली नाही?’ मग वर्गाचा सूर पालटला. एक मुलगी म्हणाली, बेन चटकन बोलतो हे हिला माहीत आहे, पण तो का पळाला हे ती लिहीत नाही. दुसऱ्याने विचारलं की राज्याबाहेर दुप्पट पैसे का? नकाशा काढला. वर पेनसिल्व्हेनिया, तिथे गुलामगिरी नाही. मग तुरुंगांची नावं. सरकारी तुरुंग एका बाईच्या खासगी मालमत्तेची राखण करतात, हे मुलांना सर्वांत जास्त खटकलं.

का पळाले, हे शेवटी सांगितलं. एलायझाचा नवरा त्याच वर्षी मार्चमध्ये वारला होता, मागे कर्ज होतं, आणि कर्ज फेडायला माणसं विकली जात. त्या खेपेला तिघंही परत आली. नंतर मिंटी एकटी निघाली.

१४ सप्टेंबर

१८५० च्या जनगणनेतला गुलामांचा स्वतंत्र तक्ता. यात मालकाचं नाव असतं आणि त्याखाली फक्त वय, लिंग, रंग. माणसांची नावं नाहीत. पळून गेलेल्यांसाठी रकाना आहे, आंधळे-बहिरे-वेडे यांच्यासाठी आहे, नावासाठी नाही.

आज वेळ गेला तो अक्षरात. या मुलांना शाळेत कर्सिव्ह, म्हणजे अक्षरं एकमेकांना जोडून, इंग्रजी लिहायला शिकवलेलंच नाही. आपल्याला मोडी जशी, तशी त्यांना ही लिपी. वर्ग संपला तेव्हा पान अर्धंही वाचून झालं नव्हतं. रात्री बसून त्याच गणनाधिकाऱ्याच्या अक्षरांतून एक कित्ता बनवला: त्याचा एफ, त्याचा एम, त्याचा सात आणि नऊ. इंटरनेटवरचे तयार कित्ते चालत नाहीत, प्रत्येक अधिकाऱ्याचा हात वेगळा. ज्यांना हा तक्ता वापरायचा आहे त्यांनी कित्ता आधी करावा. प्रिंटही मोठ्या कागदावर काढावी, साध्या कागदावर वयाचे आकडे मिटतात. मोठ्या प्रिंटांना आणि दोन भिंगांना मिळून चाळीसेक डॉलर गेले.

एका मुलाने सुचवलं की आपण या लोकांना नावं देऊ या. भावना चांगली होती, तरी नाही म्हटलं. त्यांना नावं होती. ती या कागदावर नाहीत, एवढंच खरं आहे, आणि ती रिकामी जागा आपण आपल्या मनाने भरली तर मुलांना ती दिसणारच नाही. त्याऐवजी एका मालकाखालची वयं मोठ्याने वाचली. चाळीस, अडतीस, सोळा, अकरा, सात, तीन, सहा महिने. वाचणारी मुलगी सहा महिन्यांवर थांबली. कोणी काही बोललं नाही, मीही बोलले नाही.

२१ आणि २८ सप्टेंबर

एका रविवारचं काम होतं, दोन लागले. पण ते लागायलाच हवे होते.

१९ जून १८३८ चा विक्रीचा करार. मेरीलँडच्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरची २७२ माणसं लुइझियानाच्या हेन्री जॉन्सन आणि जेसी बेटी यांना १,१५,००० डॉलरला विकायचं ठरवलं. पहिल्या हप्त्यातला मोठा वाटा त्यांच्याच जॉर्जटाउन कॉलेजच्या कर्जासाठी. हे सांगताच वर्ग सावध झाला. जॉर्जटाउन इथून जवळ आहे आणि पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्यांच्या यादीत ते आहेच.

जनगणनेच्या तक्त्यानंतर हा कागद लावण्याचं कारण म्हणजे इथे नावं आहेत. यादीत पहिलं नाव आयझॅक, वय ६५. त्याच्यामागून मुलं, नातवंडं. मुलांना वंशावळी काढायला दिल्या. मोठा कागद, पेन्सिल, आणि ‘त्याचा मुलगा’, ‘तिची मुलगी’ हे शब्द सापडतील तिथे रेघ. इथे मराठीने फार मदत केली. मावशी, आत्या, काका, चुलत भाऊ अशी नाती लावत गेल्यावर मुलांना एका मळ्यावर केवढा गोतावळा होता ते दिसलं.

दुसऱ्या रविवारी रोममधल्या वरिष्ठांनी या विक्रीला घातलेल्या अटी घेतल्या: कुटुंबं तोडू नयेत, त्यांना धर्म पाळता यावा, आलेला पैसा कर्जफेडीत घालू नये. अटी एका बाजूला, प्रत्यक्ष काय झालं ते दुसऱ्या बाजूला. सगळ्याच अटी मोडल्या गेल्या. एक मुलगा बराच वेळ पहिल्या अटीपाशी अडून बसला होता. ज्याने ही अट लिहिली त्याला तोडणं वाईट हे कळत होतं, मग विकणं वाईट हे कळत नव्हतं का, असं त्याने विचारलं. पुढचा सगळा तास या प्रश्नावर गेला. मुलांनी मराठीत इतकं सलग बोललेलं मी या वर्गात पहिल्यांदा ऐकलं.

एक सूचना. २७२ हा आकडा कराराचा आहे. सगळेच बोटीत चढले नाहीत. काही पळाले, काही मागे राहिले. ‘२७२ जण नेले’ असं फळ्यावर लिहू नका.

५ ऑक्टोबर

हा तास सगळ्यांत अवघड जाईल अशी भीती होती. तसा गेला, आणि सगळ्यांत जास्त शिकवूनही गेला.

१९३६ ते १९३८ या काळात सरकारी लेखक-प्रकल्पाने पूर्वी गुलामीत राहिलेल्या, आता म्हाताऱ्या झालेल्या लोकांच्या दोन हजारांहून जास्त मुलाखती घेतल्या. त्यातल्या दोन घेतल्या, दोन्ही साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या, दोन्ही एकाच बाईच्या. मेरीलँडबाहेर गेले ते मुद्दाम. अशी जोडी मला दुसरीकडे मिळाली नाही. एकीत तिचं नाव सुझन हॅम्लिन, दुसरीत सुझन हॅमिल्टन. वय शंभराच्या पुढे. एक मुलाखत गोऱ्या बाईने घेतली, जेसी बटलरने. दुसरी कृष्णवर्णीय ऑगस्टस लॅडसनने.

बटलरच्या मुलाखतीत मालक फुलर चांगला माणूस होता. लॅडसनच्या मुलाखतीत मारहाण आहे, आईपासून तोडलेली मुलं आहेत, आणि लग्नाच्या दुसऱ्याच सकाळी विकलेली नवरी आहे, जिची आई रस्त्यात उभी राहून मालकांना शिव्याशाप देते.

वर्गाचे दोन भाग करून एकेका गटाला एकच मुलाखत दिली, दुसरी आहे हे सांगितलंच नाही. मग दोन्ही गटांनी ‘आपल्या’ आजीबद्दल सांगायचं. दोघींचा मालक एकच, हे लक्षात येईपर्यंत बराच वेळ गेला. मग भांडण: खरी कुठली? बटलरच्या मुलाखतीतलाच धागा दाखवला. आजीला वाटत होतं की ही बाई मदत-कल्याण खात्याकडून आली आहे. मंदीचे दिवस, शंभरी उलटलेली बाई, आणि दारात गोरी सरकारी बाई. ‘मग ती खोटं बोलली नाही, तिने स्वतःला सांभाळलं,’ असं एक मुलगी म्हणाली. याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

बिघडलं ते वाचनात. या मुलाखती उच्चाराबरहुकूम स्पेलिंग मोडून लिहिल्या आहेत. एका मुलाने मोठ्याने वाचताना नक्कल केली, दोघं हसले. वाचन तिथेच थांबवलं. आता नियम: असे कागद मोठ्याने वाचायचे नाहीत, मनात वाचायचे, आणि स्पेलिंग मोडायचं कोणी ठरवलं हा प्रश्न आधी घ्यायचा. बोलणाऱ्या आजीने ते ठरवलेलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर

२५ ऑगस्ट १८६४. मेरीलँडमधल्या बेल एअरहून ॲनी डेव्हिसने राष्ट्राध्यक्ष लिंकनला लिहिलेलं पत्र. जेमतेम काही ओळी. मला मुक्त व्हायचं आहे. पूर्व किनाऱ्यावर माझी माणसं आहेत, त्यांना भेटायला जायचं आहे. मालकीण जाऊ देत नाही. आम्ही मुक्त आहोत की नाही आणि मी काय करावं ते कळवा. याच आठवड्यात कळवा, नाहीतर होईल तितक्या लवकर.

मुलांना या पत्राचं उत्तर मराठीत लिहायला दिलं. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं: होय, तुम्ही मुक्त आहात, १ जानेवारी १८६३ लाच मुक्तीची घोषणा झाली. शाळेत असंच शिकतात. मग घोषणेचा मूळ मजकूर वाटला आणि त्यातली राज्यांची यादी वाचायला सांगितली. त्यात मेरीलँड नाही. घोषणा यादवी युद्धात संघराज्यातून फुटलेल्या बंडखोर भागांसाठी होती आणि मेरीलँड संघराज्यातच राहिलं होतं. ॲनी डेव्हिसला त्या दिवशी खरं उत्तर द्यायचं तर ते ‘नाही’ असंच होतं.

उत्तरं फाडून पुन्हा लिहिली. यातली काही फार सुंदर उतरली. एकीने लिहिलं, ‘बाई, अजून नाही, पण तुम्ही विचारलंत ते बरं केलंत.’

मेरीलँडमधली गुलामगिरी १ नोव्हेंबर १८६४ रोजी नव्या राज्यघटनेने संपली. मतदान ३०,१७४ विरुद्ध २९,७९९. फरक ३७५ चा, आणि तोही आघाडीवरच्या सैनिकांची मतं मोजल्यामुळे. हे आकडे फळ्यावर नुसते लिहून ठेवले, मुलांनी वजाबाकी केली आणि आपण होऊन बोलायला लागली.

१९ ऑक्टोबर

दिवाळी, वर्ग नाही. पालकांचे निरोप मात्र आले. बहुतेकांचे आस्थेचे. एकांनी विचारलं, मराठी शाळेत हे कशाला? त्यांना मुलाची वही पाहायला सांगितलं. वर्षभरात लिहिलं नसेल इतकं मराठी त्याने दीड महिन्यात लिहिलं आहे.

२६ ऑक्टोबर

सहल व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला. १३१५, ड्यूक स्ट्रीट. फ्रँकलिन आणि आर्मफील्ड या पेढीचं इथे ठाणं होतं. १८२८ पासून व्हर्जिनिया-मेरीलँडमधून माणसं विकत घ्यायची आणि जहाजाने किंवा पायी साखळीने दक्षिणेत पाठवायची, हा धंदा. आता तिथे संग्रहालय आहे. मेट्रोने गेलो, गाड्यांच्या पार्किंगची कटकट टळली.

जाण्याआधी जहाजाच्या याद्या वाचून घेतल्या होत्या, ते उपयोगी पडलं. १८०८ पासून बाहेरून माणसं आणायला बंदी होती, म्हणून देशातल्या देशात नेतानाही कप्तानाला यादी द्यावी लागे: नाव, वय, लिंग, उंची, रंग, पाठवणारा कोण. कायदा आयात थांबवायला केला आणि त्यातून देशांतर्गत व्यापाराची ही तपशीलवार नोंद उरली.

सोबत आलेल्या एका पालकांनी सुचवलं की मुलांनी आपापली उंची मोजून यादीतल्या समवयस्कांशी ताडून पाहावी. मी नको म्हटलं. लिलाव, बोट, बेड्या यांची नाटकं करून घेणारे वर्ग असतात. त्यातून मुलांना पाच मिनिटांची धास्ती मिळते आणि आपल्याला समजलं असं खोटंच वाटतं. कागद वाचायचा, जागा पाहायची, गप्प राहायचं असेल त्याने गप्प राहायचं.

खोल्या लहान आहेत. मोठा गट एकदम नेऊ नका.

२ नोव्हेंबर

आज दोन कागद शेजारी शेजारी, नियम मोडून. १६ एप्रिल १८६२ च्या कायद्याने वॉशिंग्टन शहरातली गुलामगिरी संपली आणि मालकांना माणसामागे ३०० डॉलरपर्यंत भरपाई मिळाली. मालकांचे अर्ज शिल्लक आहेत. माणसाचं नाव, वय, वर्णन आणि मालकाने सांगितलेली किंमत. किंमत ठरवायला आयोगाने बाल्टिमोरचा गुलामांचा व्यापारीच बोलावला होता.

दुसरा कागद: ७ ऑगस्ट १८६५, ओहायोतल्या डेटनहून जॉर्डन अँडरसनने टेनेसीतल्या आपल्या जुन्या मालकाला सांगून लिहवलेलं पत्र. मालकाने परत कामाला बोलावलं होतं. जॉर्डन म्हणतो, आधी थकलेली मजुरी पाठवा. माझी ३२ वर्षं, महिना २५ डॉलर. बायको मँडीची २० वर्षं, आठवड्याला २ डॉलर. मुलांनी गणित मांडलं: ९,६०० अधिक २,०८०, म्हणजे ११,६८०. पत्रातही हाच आकडा आहे. वर तो व्याज मागतो, आणि कपडे, डॉक्टरच्या तीन भेटी व मँडीचा एक काढलेला दात एवढं वजा करायला सांगतो.

पैसे कोणाला मिळाले आणि कोणाला नाही, हे मला सांगावं लागलं नाही. दोन कागद शेजारी होते.

९ नोव्हेंबर

महाराष्ट्रातला एकच कागद, पण त्याला इथे खरी जागा आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी तोच कित्ता घेऊन शूद्रांना ब्राह्मणांच्या दास्यातून सोडवावं, ही आशा त्याच अर्पणपत्रिकेत आहे. मुलांनी हा मजकूर स्वतः देवनागरीत वाचला, हळू का होईना.

नेहमीचे प्रश्न लावले. हे सदाचारी लोक कोण? एकाने लिंकन म्हटलं, एकाने गुलामगिरीविरुद्ध लिहिणारे गोरे लोक. मग आपण वाचलेले कागद पुढे आले. चालत निघालेली मिंटी त्यात येते का? पत्र लिहिणारी ॲनी? संघराज्याच्या सैन्यात लढलेले सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक? मुलांचं म्हणणं पडलं की त्यांनाही त्यात धरलं पाहिजे. फुल्यांनी हे पुण्यात बसून, स्वतःच्या लोकांना हलवण्यासाठी लिहिलं, हेही त्यांनीच काढलं.

संध्याकाळी एका पालकांचा फोन आला. अमेरिकेचा विषय चालू असताना आपल्याकडची जात मध्ये कशाला आणली? मी सांगितलं की ती मी आणलेली नाही, दीडशे वर्षांपूर्वी फुल्यांनीच हे दोन विषय एका पानावर लिहिले आहेत. पान अर्धं झाकून शिकवणं मला जमणार नाही. ते पटलं असं ते म्हणाले नाहीत, पण मुलगी वर्गात येत राहील असं म्हणाले. जे वर्ग घेतील त्यांनी या फोनची तयारी ठेवावी आणि म्हणून हे पान गाळू नये.

१६ नोव्हेंबर

शेवटचा तास. १८७९ पासून न्यू ऑर्लिन्सच्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट’ या पत्रात ‘हरवलेली माणसं’ शोधणाऱ्या जाहिराती येत. पत्राचे वर्गणीदार नसलेल्यांना ५० सेंट पडत, आणि धर्मोपदेशकांनी त्या प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवाव्यात अशी विनंती असे. मुक्तीला पंधरा-वीस वर्षं झाली तरी लोक आई, बहीण, लेक शोधत होते. आईचं नाव, भावंडांची नावं, कोणत्या मालकाने कोणाला विकलं, शेवटचं कुठे पाहिलं. बेनची आणि मिंटीची वर्णनं वाचून सुरुवात केली होती, पण तिथे शोधणारी मालकीण होती. इथे शोधणारे घरचे आहेत.

एका मुलीने दोन महिन्यांपूर्वीचा जनगणनेचा तक्ता आपणहून काढला आणि जाहिरातीशेजारी ठेवला. तिने विचारलं, हे आधी का नाही वाचलं?

बरोबर आहे तिचं. पुढच्या वर्षीचा क्रम बदललाय: आधी या जाहिराती, मग ॲनी डेव्हिस, आणि मालकांचे कागद त्यानंतर. माणसांनी स्वतः लिहिलेलं आधी वाचलं असेल तर तक्त्यातला न छापलेला रकाना मुलांना आपोआप दिसेल, मला बोट दाखवावं लागणार नाही. विक्रीच्या कराराला दोन रविवार धरायचे. अक्षराचा कित्ता पहिल्याच दिवशी वाटायचा. मोठ्या प्रिंटा आणि भिंगं शाळेच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली आहेत.